हरणीनं आणलेला ससा

कुत्र्यानं ससा धरला की झालं, रात्री रस्सा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, ससा तपासताना बघायला हवं होतं. धरायचं काम आमच्या कुत्रीचं, हरणीचं. ते बघता बघता व्हायचं, नाहीतर फसायचं. पुढचं काम माणसांचं, आणि ते लांबलचक. एवढं करूनही बऱ्याचदा निकाल यायचा तो 'नको' असाच.

मी लातूर जिल्ह्यातल्या औशाकडची. ऐंशीच्या दशकात आमच्या शेतातल्या वस्तीवर हरणी नावाची कारवानी कुत्री होती. लांबट तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. अंगावर मांस म्हणाल तर फक्त मांड्यांना. लातूर भागात ही कुत्री जुनी. चाकूर तालुक्यातलं जानवळ तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. कर्नाटकात यांचेच भाऊबंद मुधोळ म्हणून मिरवतात. टपाल खात्यानं 2005 साली मुधोळचं तिकीट काढलं तेव्हा अण्णांनी पोस्टातून एक आणून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. माय म्हणाली, "आता हळदीकुंकू पन वाहा तिला." हरणी जाऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती.

हरणीला रोज ताक-भाकरी. मटण आम्हालाच सणासुदीला मिळायचं, तिला कुठून देणार?

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावते. त्यामुळे ज्वारी उभी असताना तिचा काही उपयोग नसायचा, आणि ज्वारी निघाल्यावर धसकटं पायात घुसतात म्हणून अण्णा तिला काळ्या रानात सोडत नसत. तिचं रान म्हणजे गायरानाचा माळ. तरवडाची झुडपं, बोरीची खुरटी जाळी, मधेमधे कुसळी गवत. आपल्याकडचा ससा बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी अंगापुरता खळगा करून कान पाठीवर पाडून बसतो आणि पाय पडायची वेळ आली तरी हलत नाही. मग एकदम उठतो. उठला की चढाकडं पळतो, कारण मागचे पाय लांब. उतारावर तो अडखळतो, चढावर कुत्र्याला मागं टाकतो. हरणी सरळ पल्ल्यात त्याला गाठायची, तोंड घालणार तोच ससा काटकोनात वळायचा आणि ही आपल्याच वेगानं दहा-वीस हात पुढं. एकट्या कुत्र्याचा ससा बहुतेक वेळा सुटतोच. जोडी लागते, एकानं मागं लागायचं आणि दुसऱ्यानं वळण कापायचं. आमच्या शेजारच्या चाचांचा तांबडा कुत्रा बरोबर असला तरच काही हाती लागायचं.

लागलं की मग तो आवाज. ससा जन्मभर मुका, पण कुत्र्याच्या तोंडात सापडला की तान्ह्या लेकरासारखा ओरडतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बांधावरून खाली बसले होते. अण्णा धावत जाऊन मान मोडायचे, तो आवाज थांबावा म्हणूनच जास्त करून.

इथून तपासणी सुरू. अण्णांचा पहिला सवाल सशाला नाही, आम्हाला असायचा: "पळाला का?"

म्हणजे उठल्यावर जिवाच्या आकांतानं पळाला का, की हरणीनं चार उड्यांत उचलला? सहज सापडलेला ससा घरात यायचा नाही. तो आजारी असणार, नाहीतर त्यानं कुणाच्या तरी रानातलं औषध खाल्लेलं असणार. तेव्हा कापसावर एंड्रिन मारायचे, उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे बांधावर टाकायचे. ससा बांधावरच चरतो. एकदा हरणीनं लंगडत चाललेला भला मोठा ससा आणून पायाशी टाकला. माझा थोरला भाऊ नाचायलाच लागला. अण्णांनी त्याच्या तोंडाशी नाक नेलं, पापणी उचलून बघितली आणि म्हणाले, "हा पळालाच न्हाई. पुरा ह्याला." बाभळीखाली हातभर खोल खड्डा काढून पुरला, वर दगड ठेवले, आणि हरणीला तीन दिवस साखळी. भाऊ त्या रात्री जेवला नाही. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसरं बघायचं ते कान. कोवळ्या सशाचा कान दोन बोटांत धरून ताणला की कागदासारखा फाटतो. जुनाट नराचा कान फाटत नाही आणि नख्या केसांच्या बाहेर आलेल्या, बोथट झालेल्या असतात. हे खायचं की नाही यासाठी नव्हे, चुलीवर तासभर ठेवायचा की दोन तास यासाठी. मग अंग दाबून बघायचं. गोचीड किती आहेत, कुठं गाठ लागते का. मादी असली तर पोटाशी हात. आपला ससा बारमाही वितो, पण पावसाळ्यात जास्त. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत अण्णा हरणीला माळाकडं नेतच नसत. दयामाया म्हणाल तर थोडी होतीच, पण हिशेबही होता: "आज माय खाल्ली तर पुढच्या सालाला काय खाणार?"

तरी एकदा माघात पोट फाडल्यावर आत दोन पिलं निघाली. पाळीव सशाचं पिलू उघडंवाघडं आणि आंधळं जन्मतं. रानसशाचं तसं नाही, ते अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच बाहेर येतं. ही दोन्ही बाहेर यायला झालेली होती. लव ओली, कान चिकटलेले. अण्णांनी सगळंच एका पोत्यात गुंडाळलं. त्या दिवशी वस्तीवर कुणी कुणाशी फारसं बोललं नाही, आणि माय म्हणाली की पिठलं टाकते.

पोट फाडायचं ते जागेवर, रानातच. हे अण्णांचं दुसरं तत्त्व, आणि ते कुठल्याही शिकाऱ्याला पटेल. पळून पळून तापलेलं जनावर, वरून आपलं ऊन. आतडी तासाभरात फुगतात आणि मांसाला हिरवट वास लागतो. सशाच्या पोटात निम्मा ऐवज चाऱ्याचाच. बेंबीशी कातडं दोन बोटांत उचलून धरायचं आणि सुरीचं टोक वर ठेवून चिरायचं, म्हणजे आतड्याला धक्का लागत नाही. मुताची पिशवी चिमटीत धरून आधी काढायची. पित्ताची पिशवी काळजाला, म्हणजे कलेजीला, चिकटलेली असते, ती काळजाचा थोडा तुकडा सोडून कापायची. ती फुटली तर अख्खं भगुनं कडू. हाताला चीर असेल त्यानं हात घालायचा नाही. मला कधी कधी मुद्दाम विचारायचे, "बाई, हात दाखव बरं," आणि ज्वारी काढताना लागलेला विळ्याचा चरा दिसला की मी बाजूला.

मग काळीज उजेडाकडं धरायचं. लालभडक, गुळगुळीत असलं तर ठीक. त्यावर पांढरे ठिपके असले की जनावर गेलं खड्ड्यात. त्यात चर्चा नाही. दुसरी एक गोष्ट दिसायची, ती म्हणजे काळजाच्या आसपास नि आतड्यांच्या पातळ पडद्याला लटकलेले पाण्याचे फोड. वाटाण्याएवढे, आरपार दिसणारे, आत एक पांढरा ठिपका. आमचे आजोबा अशा वेळी ससा ठेवायचे, पण आतडी कुत्र्याला द्यायची नाहीत असं सांगायचे. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. ते कळलं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. हरणी वाळायला लागली होती, तिच्या विष्ठेत पांढरे चपटे तुकडे दिसत होते. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी अण्णांना कागदावर काढून दाखवलं: ते फोड म्हणजे पट्टकृमीचीच पोरं. कुत्र्यानं कच्ची आतडी खाल्ली की त्याच्या पोटात त्याचा लांब जंत होतो, जंताची अंडी विष्ठेतून गवतावर, गवत सशाच्या पोटात, आणि पुन्हा फोड. हा जंत ससा खाऊन माणसाला होत नाही. पण शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात जे फोड असतात त्यातल्या एका जातीची अंडी कुत्र्याकडून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात फोड होतो. म्हणून कुत्र्याला कच्चं काही द्यायचं नाही आणि कुत्र्याला हात लावून तसंच जेवायला बसायचं नाही. अण्णा घरी आले ते जंताच्या गोळ्या घेऊन, आणि आम्हा सगळ्यांना हात धुवायला लावून.

घरी आणल्यावर ससा स्वयंपाकघरात यायचा नाही, कारण आजी माळकरी. मटणाचं भगुनं, पळी, तवा सगळं गोठ्यातल्या फळीवर वेगळं. गोठ्यामागं लिंबाला सुतळीनं सशाचे मागचे पाय बांधायचे, डोकं खाली. एक पाय मी धरायची. घोट्याशी गोल चिरायचं, तिथून मांडीच्या आतल्या बाजूनं शेपटीपर्यंत, आणि मग कातडं खाली ओढायचं. सशाचं कातडं इतकं पातळ की जोर केला तर हातात तुकडा येतो आणि केस मांसाला चिकटतात. एकदा चिकटले की दहा पाण्यांनी निघत नाहीत. म्हणून हात ओले ठेवायचे, ज्या हातानं केसाला धरलं तो हात मांसाला लावायचा नाही. कातडं उतरलं की खाली दिसायचं ते गडद तांबडं मांस, बोकडाच्या काळजाच्या रंगाचं. चरबीचा पत्ता नाही; किडनीभोवती बोटाएवढी पांढरी रेघ असली तरी माय म्हणायची, हा खाऊन-पिऊन सुखी होता.

आणि मग कुत्र्याच्या दातांचा हिशेब. बंदुकीच्या शिकारीत छरे शोधतात म्हणे. आमच्याकडं हाडाची कुसळं शोधायची. हरणी बहुतेक फऱ्याशी किंवा बरगड्यांत धरायची. वरून दोन भोकं दिसायची, पण आत बोट घातलं की बरगडीचा चुरा. जिथं दात बसला तिथलं मांस काळंनिळं, रक्त साकळलेलं. ते सगळं कापून वेगळं काढायचं. माय परातीत ससा घेऊन उन्हाकडं तोंड करून बसायची आणि बोटाच्या टोकांनी एक एक इंच चाचपडायची, डोळे मिटून. "डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला कळतंय," म्हणायची. टोकदार कुसळ सापडलं की "हं" असा बारीक आवाज करून ते कडेला ठेवायची. कधी कधी कडेला कुसळांची छोटी ढिगी व्हायची. तेवढं करूनही आम्हा पोरांना बरगड्यांकडची फोड मिळायची नाही. ती अळणीत, म्हणजे मसाला घालायच्या आधीच्या पातळ रश्श्यात, उकळून गाळली जायची.

एवढं झाल्यावर हातात उरायचं किती? दोन-अडीच किलोचा ससा असला तर सव्वा किलो मांस, तेही हाडासकट. खाणारी तोंडं नऊ. म्हणून सुक्कं कधी नाहीच, रस्साच.

हळद-मीठ लावून मांस पाण्यात ठेवायचं. कुत्र्यानं धरलेल्या जनावराचं रक्त पुरतं निघत नाही, त्यामुळं पाणी लाल होतं. ते ओतून दुसरं घालायचं. पाठीवर एक चिवट पांढरं पटल असतं, ते सुरीनं सोलायचं, नाहीतर शिजताना फोड आकसते. मग तीन दगडांची चूल, खाली तुराट्या-पऱ्हाट्या. करडईचं तेल नेहमीपेक्षा सढळ हातानं, कारण मांसाला स्वतःचं तेल नाही. कांदा, आलं-लसूण, त्यात फोडी परतून गरम पाणी, झाकणावर पाणी ठेवून मंद जाळ. अर्ध्यावर आलं की एकेक वाटी अळणी आम्हा पोरांना. त्यानंतर पाट्यावर वाटलेलं भाजकं खोबरं आणि तीळ, काळं तिखट, आणि शेवटी रस्सा दाट व्हावा म्हणून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ. येसराशिवाय नऊ जणांना पुरायचं नाही, ही खरी गोष्ट. चव म्हणाल तर बोकडापेक्षा उग्र, कोंबडीच्या तर जवळपासही नाही. रानाचा, गवताचा एक वास मसाल्याखालून येतोच. मला आवडायची. थोरल्या भावाला जास्त आवडायची. धाकटी बहीण तो ओरडण्याचा आवाज ऐकल्यापासून फक्त रस्सा घ्यायची, फोड नाही. अण्णा तिला म्हणायचे, "रस्सा काय झाडाचा हाय का?" आणि माय त्यांना गप्प करायची.

हरणीचा वाटा ठरलेला. साकळलेलं मांस, डोकं, फुप्फुसं, सगळं वेगळ्या डब्यात उकडून, मीठ-तिखटाशिवाय, भाकरीत कुस्करून. आमच्या आधी तिला. त्यात अण्णांनी कधी हयगय केली नाही. डब्याचं झाकण वाजलं की ती गोठ्यातून यायची, पण डबा खाली ठेवून "घे" म्हणेपर्यंत तोंड लावायची नाही.

तोंड न लावण्याची ही शिस्त तिला चाचांनी लावलेली. चाचांना ससा चालायचा, पण त्यांच्या धर्मात कुत्र्याच्या शिकारीचे नियम स्पष्ट आहेत: कुत्रा शिकवलेला हवा, सोडताना अल्लाचं नाव घेतलेलं हवं, आणि कुत्र्यानं स्वतः त्यातलं खाल्लेलं नसावं. कारण मग त्यानं ते मालकासाठी नाही, स्वतःसाठी धरलं. त्यामुळे बरोबर असले की दोन्ही कुत्री चाचाच सोडायचे, बिस्मिल्ला म्हणून. ससा जिता हाती आला तर सुरी त्यांच्या हातात. आणि ते बरोबर नसताना धरलेला ससा त्यांच्या घरी पाठवला तर परत यायचा, "तुमचं तुमी खावा, बाबा." आजीला हे फार पटायचं. माळकरी बाई आणि चाचा, दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की तोंडाला येईल ते खाऊ नये.

आणि हे एकमत अडचणीचं व्हायचं, कारण हरणीला पंचांग कळत नव्हतं. आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार बंद. एकादशी बंद. श्रावण तर सबंध बंद, पण तेव्हा ती बांधलेलीच. उन्हाळ्यात एकादशीच्या सकाळी हिनं ससा आणून टाकला की फ्रीज कुठला आला? चाचा बरोबर असले तर त्यांच्याकडं, नाहीतर सालगड्याच्या घरी. गडी हसायचा आणि म्हणायचा की हरणी त्याचीच कुत्री आहे, भाकर फक्त आमची खाते.

सशाशिवाय तिनं आणलेल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तितर दोन-तीनदा, पिसं उपटताना निम्मं मांस फाटलेलं निघायचं, त्यात काही राम नाही. घोरपड एकदा. गावात तिच्या तेलाची, मांसाची भारी मिजास, गुडघ्याला गुण येतो म्हणून दोन माणसं दारात मागायला आली होती. अण्णांनी ती हरणीच्या तोंडून सोडवून ओढ्यात सोडली. शेपटीचा फटका हातावर घेतला, शिव्या दिल्या, पण सोडली. रानडुकराकडं त्यांनी तिला कधी जाऊ दिलं नाही. बारीक हाडाची कुत्री, एका सुळ्यात पोट फाडून घेईल.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. म्हणजे आम्ही रस्सा ओरपत होतो तेव्हाही तो होताच. वस्तीवर त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं एवढंच. परवाना काढून शिकार करायची जी काही सोय होती ती 1991 च्या दुरुस्तीनं गेली. पुष्कळांना अजून वाटतं की आपण बंदूक चालवली नाही, फास लावला नाही, कुत्र्यानं धरलं तर आपला काय दोष. कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं, हाकून आणणं, आमिष लावणं हे सगळं आहे, आणि नुसता प्रयत्नसुद्धा आहे. सशासाठी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड आधी 25 हजारांपर्यंत होता, तो 2022 च्या दुरुस्तीनं 1 लाखापर्यंत गेला, आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. घोरपड, मोर ही तर पहिल्या अनुसूचीतली, तिथं शिक्षा याहून कडक. भगुन्यातलं मांस सापडलं तरी गुन्हाच. मारलेलं किंवा मेलेलं सापडलेलं रानजनावर सरकारची मालमत्ता असतं, आणि ते आपल्याकडं आलं तर 48 तासांत कळवावं लागतं.

पण आमच्याकडचं खाणं थांबलं ते कायद्यानं नाही, खरं सांगायचं तर. आधी हरणी गेली. मग 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला आणि आसपासची गावंच्या गावं उठून नव्या जागी गेली. जिथं ससे उठायचे त्या माळावर पुनर्वसनाच्या घरांच्या रांगा आल्या. ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, बांध नांगरून बारीक झाले, गायरानात तुकडे पडले. तणनाशक तर आता वर्षातून कितीदा मारतात. अण्णा शेवटी शेवटी म्हणायचे, "आता पळालेला ससा पन खाऊ ने. काय खाऊन पळाला, कुनाला ठावं."

भाऊ अजून कारवानी पाळतो. आताची कुत्री पांढरी, नाव चांदी. गेल्या हिवाळ्यात तिनं हरभऱ्याच्या रानातून ससा उचलून दारात आणला. पुतण्या, वय वर्षं पंधरा, लगेच मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला. भावानं आधी तो मोबाईल हिसकावला, मग 1926 वर फोन लावला. वनखात्याचा तो मदतीचा नंबर. ससा मेलेलाच होता. संध्याकाळी वनरक्षक आले, कुत्री बघितली, रान बघितलं, दोन पानांचा पंचनामा केला, सह्या घेतल्या आणि ससा पुरून टाकायला लावला. समजुतीनं बोलले, पण कुत्री मोकळी सोडू नका असं लिहूनच घेतलं. पुतण्याला हे सगळं भलतंच वाटलं. त्याचं म्हणणं, एका सशासाठी एवढा कागद? भाऊ म्हणाला, आपल्या अण्णांनी याहून जास्त वेळ घेतला असता, फक्त कागद नसता.

तेव्हापासून चांदीला सवय मोडायचं काम चालू आहे. मारून ही सवय जात नाही, ते तिच्या रक्तात आहे. भावानं आधी गळ्यात घुंगरू बांधले, म्हणजे ससा लांबूनच सावध होतो. त्याचा उपयोग होतो पण पुरता नाही. मग ओढाळ गुरांना बांधतात तसं हलकं लोढणं गळ्यात, पुढच्या पायांना लागेल असं. चालता येतं, धावता येत नाही. ते दिवसा, रात्री साखळी. शिवाय पहाटे दोरी सायकलला बांधून चार-पाच किलोमीटर पळवून आणतो, कारण या कुत्रीला पळायलाच मिळालं नाही तर ती घरातल्या कोंबड्यांवर जाते. एक कोंबडा गेलाच तसा. त्याचा रस्सा झाला, आणि दाताचं बघून घ्यायला वहिनीला मीच सांगितलं.

पुतण्याच्या डोक्यातून ससा जाईना. आजोबांच्या गोष्टी ऐकून ऐकून त्याला तो खायचाच होता. शेवटी भावानं ओळखीच्या एकाकडून पाळीव, खाण्यासाठीच वाढवलेला पांढरा ससा तयार करून आणला, आणि मी माहेरी गेले तेव्हा मला पाट्याशी बसवलं. येसर घरचंच, तीळ-खोबरं तसंच, चूलसुद्धा हट्टानं गोठ्यामागं मांडली. मांस पांढरं, मऊ, आत कुठं कुसळ नाही. वीस मिनिटांत शिजलं. पुतण्यानं दोनदा घेतलं आणि म्हणाला, आत्या, ही तर कोंबडीच की. ते खोटं नव्हतं. भाव विचारला तर भाऊ सांगेना, आणि वहिनी म्हणाली की तेवढ्यात अर्धा किलो बोकडाचं आलं असतं.